कानामागची जागा

“पेशंटचे तुम्ही कोण?” काचेमागच्या बाईनं मान वर न करता विचारलं आणि त्याला एकदम उत्तर सुचेना. प्रश्नात तसं काहीच नव्हतं. सकाळपासून तिनं तो कितीजणांना विचारला असेल, आणि प्रत्येकानं मुलगा, भाऊ, बायको असं काहीतरी पटकन सांगून टाकलं असेल. त्याच्या मागे रांग होती. मागचा माणूस मानेवर श्वास सोडत होता. ‘त्यांच्या मुलीचा मी नवरा होतो’ हे खरं उत्तर होतं. पण त्यातल्या ‘होतो’मुळे मुलगी वारली की काय असं वाटलं असतं, आणि ती तर समुद्रापलीकडच्या एका शहरात चांगली धडधाकट होती, तिथे तिनं दुसरं घरही मांडलं होतं. ‘मी त्यांच्या गाईंच्या कानांतली गोचिडं गोळा करतो’ हेही खरं होतं, आणि जास्त ताजं. बाईनं आता मान वर केली. “नातं सांगा हो. घरचेच आहात ना?” “जावई,” तो म्हणाला. तिनं चार कळा दाबल्या, एक कागद सरकवला आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. कोर्टाला जे सोडवायला दीड वर्ष लागलं होतं ते हिनं दमही न घेता पुन्हा बांधून टाकलं होतं. जिना चढताना त्याला खोटं बोलल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं असं की आपण कुणाचं तरी उबदार जाकीट अंगात घालून निघालोय आणि ते मापाचं निघालंय.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर चारावाला बसला होता. त्याच्या चपलांना ओला कडबा चिकटलेला होता आणि त्यामुळे तो त्या फिनाइलच्या वासात एकटाच माणसासारखा दिसत होता. त्यानंच सकाळी फोन केला होता. “मला काही बोलले नाहीत हो,” तो म्हणाला, “ताप म्हणे तीन-चार दिवस अंगात होता. आज टेम्पो घेऊन गेलो तर गव्हाणीला टेकून बसलेले. म्हटलं मामा, उठा, तर म्हणाले रोलर बंद पडलाय. मग मी घाबरलो. टेम्पोत घातलं आणि आणलं. पेंढीवर निजवून आणलं, हादरा बसू दिला नाही.” त्यानं चारावाल्याचा हात दाबला. गाईंना संध्याकाळी कोण बघणार, असं चारावाल्यानं विचारलं. “दोघींचं दूध मी काढतो. पण ती तिसरी, राणीसाहेब, मला उभं करून घेत नाही.” बघू, तो म्हणाला.

मामा भिंतीकडच्या खाटेवर होते. आडव्या माणसाची उंची कमी होते हे त्याला माहीत होतं, पण इतकी कमी होईल असं वाटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी नगरपालिकेचा रोडरोलर चालवला. शहरातला असा एक मोठा रस्ता नव्हता की जो त्यांच्या खालून गेला नव्हता. निवृत्त झाल्यावर रिंगरोडच्या बाहेर, टायरच्या गोदामाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या जागेत त्यांनी पत्र्याचा गोठा बांधला आणि गाई घेतल्या. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “दोन्हींचा वेग सारखाच. सवय मोडायला नको.” तो लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या पगाराबद्दल किंवा घराबद्दल काही विचारलं नाही. “तुम्ही गोचिडांवर काय करता?” एवढंच विचारलं. त्यानं सांगितलं की गोचीड गाईचं रक्त पितं ते एक, पण पिताना तिच्या रक्तात रोगाचे जंतू सोडतं. त्यातून गाईला ताप येतो, लघवी लाल होते, दूध आटतं. ते जंतू गोचिडाच्या पोटातून लाळेत कसे येतात ते आम्ही बघतो. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं. “म्हणजे घेताना देतं,” ते म्हणाले होते. नंतर बबी, म्हणजे त्यांची मुलगी, बसस्टॉपवर हसून हसून वाकली होती. “बाबांना तू आवडलास. आवडला नसतास तर त्यांनी तुझा पगार विचारला असता.” लग्नानंतर तिनं त्याचं नाव गोचीड ठेवलं. लाडानं म्हणायची, स्वयंपाकघरात मागून येऊन तो चिकटला की म्हणायची, आणि नंतर नंतर म्हणेनाशी झाली.

“अरे,” मामा म्हणाले. डोळे अर्धे उघडे होते. “पुढं बघ. डांबर ओलं आहे.” त्याला क्षणभर कळेना की हे आपल्यालाच. रोलरच्या पुढे लाल फडकं घेऊन चालणारा कुणीतरी जुना सोबती असणार. “बघतो,” तो म्हणाला. “तू नुसता बघतो म्हणतोस.” मामांनी पुन्हा डोळे मिटले. त्याला ते ‘तू’ कानात गरम थेंब पडावा तसं वाटलं. लग्नाच्या दिवसापासून मामांनी त्याला अहो-जाहो केलं होतं. आधी ‘जावईबापू’ म्हणायचे, थोडी थट्टा मिसळून. घटस्फोट झाला त्या महिन्यात तो गेलाच नाही गोठ्यावर. कोणत्या तोंडानं जायचं, आणि जाऊन हाक काय मारायची? दुसरा महिना लागला आणि रविवारी सकाळी फोन आला. “अहो डॉक्टर,” पलीकडून मामा म्हणाले. जावईबापूचं त्यांनी परस्पर डॉक्टर करून टाकलं होतं, एखाद्या रस्त्याचं नाव बदलावं तसं. “गाईंच्या कानांत गोचिडं झालीत. तुमच्या कामाची असली तर न्या.” तो गेला. सोबत नळ्या, चिमटा, कापसाचे बोळे. मामांनी गाय धरली, त्यानं कान उलटा करून एकेक गोचीड मुळाशी धरून सरळ ओढून काढलं, नळीत टाकलं, वर ओलसर बोळा बसवला. मग चहा झाला. बबीबद्दल एक शब्द निघाला नाही. का मोडलं, कुणी मोडलं, हे मामांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. तो मात्र त्यांना मामाच म्हणत राहिला. दुसरी हाक त्याला येतच नव्हती.

त्यानंतरचे रविवार त्याच्या डोक्यात वेगवेगळे नव्हतेच. एकच लांबलचक रविवार होता, त्यात कधी ऊन होतं, कधी पत्र्यावर पाऊस होता, तांबडीला कालवड झालेली होती आणि झालेली नव्हती. प्रयोगशाळेत त्याच्या खोलीत काचेच्या नळ्यांच्या रांगा होत्या. त्यांत गोचिडं महिनोन्‌महिने काही न खाता बसून असायची. नव्या आलेल्यांना तो नेहमी एक गंमत दाखवायचा. नळीचा बोळा काढून आत हलकी फुंकर घालायची. मेल्यासारखी पडलेली गोचिडं एकदम जागी व्हायची आणि पुढचे दोन पाय वर करून हवेत हलवायची, जणू कुणी कडेवर घ्यावं म्हणून. रानातही ती तशीच गवताच्या टोकाशी जाऊन बसतात, त्यांना ना डोळ्यांचं फारसं सुख, ना उडी मारता येते, ना पळता. कुणीतरी उबदार, श्वास घेणारं जवळून जाईल एवढ्या भरवशावर बसायचं. लोकांना किळस यायची. त्याला कधीच आली नाही. त्याला त्या चिवटपणाबद्दल थोडी माया होती, आणि ही माया शास्त्रज्ञाला शोभत नाही हेही त्याला माहीत होतं.

वॉर्डातली डॉक्टरीण तरुण होती, केस घाईघाईत बांधलेले. मलेरिया नाही, दुसऱ्या दोन तपासण्या पाठवल्यात, तोवर सलाइन आणि नेहमीचं औषध चालू आहे, असं तिनं सांगितलं. त्यानं मामांचा तळहात उलटा करून बघितला होता. सुरकुत्यांच्या मधून लालसर ठिपके दिसत होते, तळपायांवरही. “हे कुठं राहतात ते तुम्हाला माहीत आहे?” त्यानं विचारलं. “गोठ्यात असतात दिवसभर. मी गोचिडांवर काम करतो. गुरांचा डॉक्टर आहे. त्यांच्या गोठ्यातल्या गोचिडांत मला मागे एकदा माणसाला ताप आणणारा जंतू सापडला होता.” ती थांबली. हातातला पेन तिनं खिशात ठेवला. “गोचिडाचा ताप? असा पेशंट आमच्याकडे वर्षाकाठी एखादा येतो. चावल्याच्या जागी काळी खपली असते. मी पाहिलं अंग, पण घाईत पाहिलं. चाळीस खाटा आहेत.” “मी बघू?” “बघा ना. खूण सापडली तर मी निकालाची वाट बघत नाही, लगेच औषध बदलते.” ती पुढच्या खाटेकडे गेली आणि त्यानं पडदा ओढून घेतला.

इतक्या वर्षांत त्यानं मामांना कधी स्पर्श केला होता? वाकून पायाला, लग्नात. एकदा गाईनं ढुशी दिली तेव्हा दंडाला धरून. बस. गाईचं अंग मात्र दोघांनी मिळून इतक्या वेळा चाचपलं होतं की त्याच्या बोटांना क्रम पाठ होता. आता बोटं जवळजवळ त्याच क्रमानं निघाली आणि त्याला थांबवता येईना. गळ्याखालची सैल कातडी. काख. काखेतले केस पांढरे होते, हे त्याला उगाचच खाजगी वाटलं. बरगड्यांच्या खालची घडी, कमरेची नाडी जिथं रुतते तिथला पट्टा, जांघ, गुडघ्यामागची खोळ. मामा तापानं इतके भाजत होते की बोटं दर वेळी थबकत होती. पाठीवर एक जुना व्रण होता, इंजिनच्या वाफेचा असावा. त्याची गोष्ट त्याला माहीत नव्हती. माणसाच्या अंगावर किती गोष्टी असतात आणि आपण समोर बसून फक्त चहा पितो. बबीच्या उजव्या खांद्यावर होता तसाच तीळ यांच्याही उजव्या खांद्यावर होता. तो तिथे अडखळला, मग पुढे गेला. खपली कुठेच नव्हती. मग त्याला वाटलं, आपण शेवटी तिथंच का जातोय जिथून गाईत सुरुवात करतो? त्यानं मामांचं डोकं अलगद वळवलं आणि डाव्या कानामागचे केस बोटांनी बाजूला केले. केसांच्या आत, कान डोक्याला जिथं मिळतो त्या घडीत, मसुराच्या डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लाल कडं. गाय धरताना तिच्या मानेला डोकं टेकवून उभं राहायची त्यांची सवय. गोचीड तिच्या कानातून यांच्या कानामागे आलं, इतकं ते सोपं होतं. “अरे, गुदगुल्या,” मामा पुटपुटले. तो हसला, आणि डॉक्टरणीला हाक मारायला पडदा बाजूला केला तेव्हा त्याचे डोळे भरले होते हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

औषध सुरू झालं. त्यानं बबीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. तिनं सगळं ऐकलं, मधे एकदाही न बोलता, जशी ती महत्त्वाचं ऐकायची. “मी निघते,” ती म्हणाली. “तिकीट मिळेल तसं. तू आहेस ना तिथं?” “आहे.” “मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि त्या ‘मग’वर तो बराच वेळ विचार करत राहिला. प्रयोगशाळेत जाऊन त्यानं शीतपेटीतली गेल्या रविवारची नळी काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना दिली. त्या एरवी बडबड्या, पण त्यांनी काही न विचारता हातातलं काम बाजूला ठेवलं. शीतपेटीचं झाकण लावताना त्याची नजर आत गेली. मामांच्या गोठ्यातल्या नळ्यांचा एक अख्खा कप्पा होता, त्यांवर बर्फ चढला होता. त्या गोठ्यावरचा त्याचा लेख छापून येऊन दोन वर्षं झाली होती. या नळ्या कुणाला नको होत्या. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्यानं ते कधी मनातसुद्धा वाक्य करून म्हटलं नव्हतं.

दिवस मावळायच्या बेताला तो गोठ्यावर पोचला. चारावाल्याचं दोघींचं दूध काढून झालं होतं आणि तो हात धुऊन निघाला होता. “राणीसाहेबांची कास तट्ट फुगलीय,” तो जाता जाता म्हणाला. “सकाळीही काढलं नाही. आज नाही काढलं तर कास दगड होईल. मला तिनं दोनदा लाथ दाखवली. तुमची ओळख आहे ना?” ओळख होती, पण कानाशी. तो बादली घेऊन बसला. राणीसाहेबांनी वळून बघितलं आणि एक पाऊल बाजूला टाकलं. त्यानं सडांना हात लावला तर ते गरम आणि घट्ट होते, पण थेंब येईना. पान्हा चोरून ती समोर टायरच्या गोदामाकडे बघत उभी होती. त्यानं गोंजारलं, विनवलं, इकडून तिकडून बसून पाहिलं. गाईच्या रक्तातले जंतू त्याला नावानिशी माहीत होते, पण तिच्या मनात काय आहे त्याचा पत्ता नव्हता. शेवटी त्यानं फोन काढला.

बबीकडे पहाट होती. “बाबा?” ती लगेच म्हणाली. “बाबा बरे आहेत, झोपलेत. राणीसाहेब दूध देत नाही.” पलीकडे ती हसली. खरं हसली, बसस्टॉपवर हसायची तसं. “अरे, तू आवाज काढलास का?” “कसला आवाज?” “रोलरचा. बाबा दूध काढताना रोलरचा आवाज काढतात. तुला माहीत नाही?” त्याला माहीत नव्हतं. तो नेहमी दूध निघायच्या आधी शेवटची बस पकडायचा. “फोन तिच्या कानाशी धर,” बबी म्हणाली. “नको, पोटाशी धर. आणि हात चालू ठेव.” मग तिकडच्या पहाटेतून, कुठल्यातरी अनोळखी स्वयंपाकघरातून, ती आवाज काढू लागली. ढग, ढग, ढग, ढग, खालच्या पट्टीत, घशातून, मधेच एक लांब उसासा टाकून, वाफ सोडल्यासारखा. लहानपणी वडलांच्या मांडीवर बसून तिनं तो ऐकला असणार. मागे कुणीतरी झोपेत काहीतरी विचारलं. तिनं त्या माणसाला तिथल्या भाषेत सांगितलं की काही नाही, गाय आहे, आणि पुन्हा ढग, ढग सुरू केलं. राणीसाहेबांचा कान हलला. कातडीवरून एक थरथर गेली. त्याच्या बोटांत काहीतरी सैल झालं आणि बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली. “सोडला,” तो म्हणाला. “पान्हा सोडला.” ती थांबली नाही. तो दूध काढत राहिला, वेडावाकडा, अर्धं बादलीबाहेर, आणि त्याच्या मनात आलं की लग्नात आपण दोघांनी इतक्या तन्मयतेनं एकत्र असं काय केलं होतं? केलं असेल. आठवत नव्हतं. या क्षणी तरी तिच्याबद्दल त्याच्या मनात एकही सल नव्हता आणि हे त्याला दुःखासारखंच काहीतरी वाटलं, पण दुःख नव्हे. “दमले रे,” शेवटी ती म्हणाली. “किती निघालं?” “बादलीभर. थोडं माझ्या बुटात.” “बाबांना सांगू नकोस,” ती म्हणाली.

बादली ठेवायला तो पत्र्याच्या आतल्या खोलीत गेला. पेंडीच्या पोत्यांमागे फळीवर त्याला त्या बाटल्या दिसल्या. गोचिडं मारायचं फवारणीचं औषध. त्यानंच आणून दिलेलं. गोठ्यातल्या गोचिडांत तो माणसाचा जंतू सापडला तेव्हा त्यानं मामांना बसवून समजावून सांगितलं होतं की माझं काम झालंय, आता फवारा, गाईंवर आणि भिंतीच्या फटींतही, हे तुमच्याही जिवाला बरं नाही. “फवारतो,” मामा म्हणाले होते. प्रत्येक हंगामाला तो नवी बाटली आणून देत होता. त्या सगळ्या इथं होत्या, एकीशेजारी एक, धूळ पुसून ठेवलेल्या. एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं. तो पोत्यावर बसला. आधी त्याला राग आला, मग भीती वाटली. फवारूनही गोचिडं जात नाहीत असं मामा म्हणायचे आणि तो मान डोलवायचा. औषधाला गोचिडं दाद देईनाशी होतात, असं होतं कधी कधी, तपासायला हवं, असं म्हणायचा आणि नळ्या काढायचा. तपासलं का नाही? एका दुपारचं काम होतं. प्रयोगशाळेत शेजारच्याच खोलीत ते काम चालतं. का नाही तपासलं?

दुसऱ्या दिवशी सहकारी बाईंचा फोन आला की जंतू तोच आहे. तोवर मामांचा ताप उतरायला लागला होता. त्याच्या पुढच्या सकाळी तो वॉर्डात शिरला तर ते उशीला टेकून बसले होते, दुधात बिस्कीट बुडवत. बिस्कीट वेळेवर वर काढायचं कसब त्यांच्यात नेहमीसारखं होतं. “या डॉक्टर,” ते म्हणाले. ‘तू’ तापाबरोबर उतरलं होतं. त्याला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल, पण ते ‘या’ इतकं भरलेलं होतं की वाईट वाटायला जागा राहिली नाही. “राणीनं दूध दिलं म्हणे. चारावाला सांगून गेला. कसं दिलं?” “दिलं कसंतरी.” मामांनी त्याच्याकडे बारकाईनं पाहिलं आणि सोडून दिलं. तो खाटेच्या कडेवर बसला. त्याला बाटल्यांबद्दल बोलायचं होतं आणि रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती, त्यांतली काही रागाची होती. “मामा,” तो म्हणाला, “फळीवरच्या बाटल्या पाहिल्या मी.” मामांनी बिस्कीट खाली ठेवलं. वॉर्डात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. “मी तुम्हाला सांगितलं होतं की हे जिवावरचं आहे.” “सांगितलं होतंत.” “मग?” मामांनी चादरीची घडी बोटांनी दाबून सरळ केली, पुन्हा पुन्हा, जणू तिथं खडी पसरली होती. “फवारलं असतं तर गोचिडं गेली असती,” ते म्हणाले. “गोचिडं गेल्यावर तुम्ही कशाला आला असता?”

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. खिडकीतून मोठा रस्ता दिसत होता, वाहनं शांतपणे जात होती, आणि त्याला वाटलं की हा रस्ताही यांनीच दाबून सपाट केला असेल आणि कुणाला सांगितलं नसेल. “माझी शीतपेटी भरलीय, मामा,” तो शेवटी म्हणाला. “दोन वर्षांपासून त्या नळ्यांचं मी काहीही करत नाही. कुणालाच नको आहेत त्या.” मामांनी मान हलवली. “मग आणत का होतात?” आता चादरीच्या घडीकडे बघायची पाळी त्याची होती. दोन पोरं चोरी करताना सापडावीत तसे दोघं बसून राहिले. मग मामांच्या गळ्यातून एक आवाज आला. आधी त्याला वाटलं खोकला आहे. ते हसत होते. “म्हणजे मी गोचिडं पाळली,” ते म्हणाले, “आणि तुम्ही ती बर्फात घातली. शहाणे की हो आपण.” “तुम्ही मेला असतात.” “ते आहेच,” मामा म्हणाले आणि बिस्कीट पुन्हा उचललं.

बबी आली ती थेट विमानतळावरून वॉर्डात, चाकांची बॅग ओढत. केस बरेच पिकले होते आणि तिनं ते तसेच ठेवले होते. वडलांच्या कानामागची जागा तिनं पहिली पाहिली, मग त्यांना खूप बोलली, मग रडली, मग बाहेर येऊन बाकावर त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिला बाटल्यांचं सांगितलं. वडलांच्या बाजूचं सांगितलं आणि स्वतःच्याही. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. “मी त्यांना घेऊन जायला आले होते,” ती म्हणाली. “येतील?” त्यानं विचारलं. “नाही येणार. रोलर विमानात बसत नाही.” तिनं नाक पुसलं. “मला तुझा राग आला पाहिजे रे. आणि त्यांचा तर फारच. पण मी तिकडे बसून इतकी वर्षं समजत होते की बाबा एकटे आहेत.” एवढं बोलून तिनं डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि बसल्या बसल्या झोपली. तो हलला नाही. तिची बॅग उतारावर घरंगळू नये म्हणून पायानं अडवून बसला.

मामा घरी आल्यावर तिघांनी मिळून फवारणी केली. म्हणजे त्या दोघांनी केली आणि मामा खुर्चीवर बसून चुका काढत राहिले. गाईंचे कान, शेपटीखाली, खुरांच्या फटी, भिंतीच्या भेगा, गव्हाणीची लाकडं. बबीनं तोंडाला फडकं बांधलं होतं आणि वडलांना ती दर थोड्या वेळानं विचारत होती की आता तरी खरं सांगा, अजून कुठे लपवलीत का गोचिडं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा फवारलं. मग ती गेली. जाताना तिनं दोघांना एकत्रच बजावलं, कुणाकडे बघून ते कळू दिलं नाही, की दर आठवड्याला फोन करायचा आणि तोही एकाच फोनवरून.

त्यानंतरच्या रविवारी तो नेहमीच्या वेळी उठला, पिशवी घेतली, आणि ती इतकी हलकी लागली की तो दारात थांबला. आत नळ्या नव्हत्या. चिमटा नव्हता. काय घेऊन जायचं? रस्त्यात त्यानं फळं घेतली, मग ती आजाऱ्याला भेटायला जाताना घेतात तशी दिसायला लागली म्हणून त्याला लाज वाटली. गोठ्याच्या फाटकाशी मामा उभे होते. इस्त्रीचा सदरा. तो त्यानं यापूर्वी फक्त एकदाच पाहिला होता, लग्नाच्या बोलणीला. “या,” मामा म्हणाले. “आलो,” तो म्हणाला. दोघंही मुलगी बघायच्या कार्यक्रमात बसल्यासारखे बसले. तांबडी कशी आहे? बरी आहे. राणीसाहेब? बरी आहे. मग सवयीनं दोघं उठले, मामांनी गाय धरली, त्यानं कान उलटा केला. आत मऊ गुलाबी कातडी होती, बारीक निळ्या शिरा, आणि बाकी काही नाही. त्यानं दुसरा कान पाहिला. मग दुसऱ्या गाईचे, मग तिसरीचे. “एकही नाही, मामा.” “नाही?” “एकही नाही.” मामांनी स्वतः वाकून बघितलं, विश्वास न बसल्यासारखं, आणि गाईच्या मानेवर थोपटून हात पुसला.

चहा झाला. कप धुऊन पालथे ठेवून झाले. उन्हाचा पट्टा पत्र्याच्या भोकातून शेणाच्या जमिनीवर पडला होता आणि हळूहळू सरकत होता. एरवी या वेळी तो नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असायचा आणि मामा बोळे भिजवून देत असायचे, आणि त्या कामाच्या आडोशानं वेळ निघून जायचा. आता आडोसा नव्हता. त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. उठावं, निघतो म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलंही. मामा सदऱ्याच्या बाहीची इस्त्री बोटानं मोडत होते. राणीसाहेबांनी एक लांब श्वास सोडला. मामांनी घसा साफ केला, गाईकडे बघत, त्याच्याकडे नाही.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “तुमचं आणि बबीचं काय बिनसलं हो?”

इतक्या वर्षांत तो प्रश्न कधी ना कधी येणार म्हणून त्यानं उत्तरं तयार केली होती, आणि प्रश्न आलाच नाही म्हणून ती कुठेतरी टाकूनही दिली होती. आता शोधायला गेला तर एकही हाताला लागेना. जे होतं ते लांब होतं, गुंतलेलं होतं, त्यात त्याची बाजू सगळीकडे चांगली नव्हती आणि तिचीही नव्हती, आणि मधला एक मोठा तुकडा तर त्यालाच अजून नीट कळला नव्हता. “लांबलचक आहे, मामा,” तो म्हणाला. “आणि मला नीट सांगताही येणार नाही.”

मामांनी पायानं एक रिकामी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि तिच्यावर पाय पसरले.

“सांगा सावकाश,” ते म्हणाले. “दूध काढायला अजून वेळ आहे.”